सांडपाणी : एका शब्दाची ओळख

गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीच्या निबंधाच्या वह्या तपासीत असताना एका विद्यार्थिनीच्या वहीपाशी माझी लाल शाई थबकली. विषय होता 'आमच्या गावचे पाणी'. कणकुंबीच्या मुलामुलींस हा विषय अवघड वाटण्याचे कारण नाही. पाण्याच्या कुशीतच त्यांचा जन्म झालेला असतो. निबंध चांगला होता, अक्षरही सुरेख होते. परंतु एकाच पानावर दोन वाक्ये अशी आली होती : "आमच्या मोरीचे सांडपाणी ओढ्याला जाऊन मिळते." आणि थोडे पुढे : "कळशाचे पाणी सांडपाण्यासारखे समुद्रात वाया जाते."

व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष होती. तरीही दुसऱ्या वाक्याखाली मी एक रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'शब्दाचा अर्थ पुन्हा पाहा.' दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली व म्हणाली, "सर, सांडपाणी म्हणजे वाया जाणारे पाणीच ना? मग माझे काय चुकले?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते. म्हणून ते या अंकातून सर्वच विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहे.

शब्दाची फोड

'सांडपाणी' हा सामासिक शब्द आहे. 'सांड' आणि 'पाणी' अशी त्याची दोन पदे. सांडलेले, म्हणजे सांडून टाकलेले पाणी ते सांडपाणी. पहिले पद क्रियापदाचे मूळ रूप आणि दुसरे नाम, अशा घडणीचे समास मराठीत थोडेच असले तरी ते तुमच्या ओळखीचे आहेत. बोलणारा पट तो बोलपट, ढकलण्याची गाडी ती ढकलगाडी, तसेच सांडलेले पाणी ते सांडपाणी. एवढ्यावरून एक गोष्ट लक्षात येईल. 'गढूळ पाणी', 'खारे पाणी', 'कोमट पाणी' हे शब्द पाण्याचा गुण सांगतात. 'सांडपाणी' हा शब्द पाण्याचा गुण सांगत नाही. त्या पाण्याचे कोणी काय केले, ते सांगतो. हा भेद वरवर पाहता लहान दिसतो, पण या लेखाचा सारा भार त्याच्यावर आहे.

'सांडणे' कोठून आले?

संस्कृतात 'छर्द्' असा एक धातू आहे. ओकणे, बाहेर टाकणे हा त्याचा अर्थ. वांतीला आयुर्वेदात 'छर्दि' म्हणतात, ते यावरूनच. प्राकृतात या धातूची 'छड्ड' आणि 'छंड' अशी रूपे झाली, आणि अर्थ थोडा रुंदावून टाकणे, सोडणे, त्यागणे असा झाला. हिंदीतील जुने 'छाँड़ना' आणि गुजरातीतील 'छांडवुं' ही त्याच घराण्यातील भावंडे. मराठीत मात्र त्या 'छ'चा 'स' झाला आणि 'सांडणे' हे रूप तयार झाले.

हा बदल मनमानीने झालेला नाही. जेथे इतर भाषांत 'छ' आढळतो तेथे मराठीत पुष्कळदा 'स' आढळतो. हिंदीत 'छाल', मराठीत 'साल'. हिंदीत 'छुरी', मराठीत 'सुरी'. हिंदीत 'पूछना', मराठीत 'पुसणे'. संस्कृत 'छाया', मराठी 'सावली'. संस्कृत 'मत्स्य', प्राकृत 'मच्छ', मराठी 'मासा'. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात असे ध्वनिबदल पद्धतशीरपणे मांडले, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ साली प्रसिद्ध झाल्यापासून मराठी वाचकास शब्दांची कुळे हाताशी धरून शोधता येऊ लागली. शाळेच्या ग्रंथालयात कोश चाळावयाची सवय ज्याला लागली त्याला करमणुकीसाठी दुसरे काही शोधावे लागत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. कानाला सारखे लागणारे सर्व शब्द एका कुळातील नसतात. मोकाट फिरणारा 'सांड' हा संस्कृत 'षण्ड' या शब्दावरून आला आहे. चुलीवरील भांडे उतरविण्याची 'सांडशी' ही 'संदंश', म्हणजे पकड किंवा चिमटा, या शब्दावरून आली आहे. त्यांचा आपल्या 'सांडणे'शी काहीही संबंध नाही. याउलट 'सांडलवंड' आणि धरणाचा 'सांडवा' ही मात्र खरी सख्खी भावंडे होत. तळे किंवा धरण काठोकाठ भरले म्हणजे जादा पाणी बांधास धक्का न लावता ज्या वाटेने बाहेर सोडतात ती वाट म्हणजे सांडवा.

'सांडणे' या क्रियापदाला जुन्या मराठीत दोन अर्थ होते. एक, भांड्यातून बाहेर पडणे. दुसरा, बुद्धिपुरस्सर सोडून देणे. संतांच्या ग्रंथांतून अहंकार सांडावयाचा असतो, आळस सांडावयाचा असतो, विषयांची आस सांडावयाची असते. तेथे काही लवंडत नाही. तेथे मनुष्य आपल्या निश्चयाने एक वस्तू सोडतो. आजच्या बोलण्यात हा दुसरा अर्थ मावळला आणि दूध, तेल, पीठ सांडण्याचा पहिला अर्थ तेवढा उरला. तरीही 'सांडपाणी' या शब्दात मला दोन्ही अर्थ जिवंत दिसतात. हे पाणी भांड्यातून बाहेर पडलेले आहे, आणि आपण त्याला सोडूनही दिलेले आहे.

'पाणी' म्हणजे काय?

दुसरे पद तर आपल्या इतक्या रोजच्या वापरातले आहे की त्याला काही अर्थ असेल असे कोणास वाटतही नाही. संस्कृतात 'पा' म्हणजे पिणे. त्यावरून 'पानीय', म्हणजे पिण्याजोगे. 'पानीय'चे प्राकृतात 'पाणिअ' झाले आणि मराठीत 'पाणी'. म्हणजे 'पाणी' या शब्दाचा मूळ अर्थ 'पिण्याजोगे ते' असा आहे. आता दोन्ही पदे एकत्र ठेवून पाहा. सांडपाणी म्हणजे पिण्याजोगे होते, पण आपण सांडले, असे द्रव्य. आपल्या पूर्वजांनी हा शब्द जोडताना एवढा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. परंतु शब्दाच्या पोटात त्याचा इतिहास साठलेला असतो, आणि तो कधी कधी आपल्याला चार शब्द सुनावतो.

आपल्या शेजारच्या कन्नड भाषेकडे पाहिले तर तेथेही सांडपाण्यास 'त्याज्य नीरु' असे म्हटलेले आढळते. 'त्याज्य' म्हणजे टाकण्याजोगे, सोडण्याजोगे. शब्द निराळा, पण कल्पना तीच : सोडून देणे. आणि ज्या 'नीर' शब्दाला आपण संस्कृत समजतो, तो मुळात द्राविडी भाषांतून संस्कृतात गेला असावा, असे अनेक भाषापंडितांचे मत आहे. सीमा माणसांनी आखलेल्या असतात. पाणी आणि पाण्याचे शब्द त्या ओलांडून जात येत असतात. 'मोरी' हा शब्द तर मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांत सारखाच नांदतो.

ज्या घरात प्रत्येक पाण्याला नाव होते

जुन्या घरातील स्वयंपाकघर आठवा, किंवा आजीला विचारा. तांदूळ धुतले की जे पाणी निघे त्याला 'धुवण' म्हणत. ते गोठ्यातील गुराच्या आंबोणात जाई. भात शिजताना त्याची 'पेज' होई. ती घरातील माणसे मीठ घालून पीत. भांड्यांच्या खरकट्या पाण्यातील शिते कोंबड्या व कावळे टिपीत. न्हाणीतून निघालेले पाणी चरीने परसात जाई, आणि त्या चरीच्या काठी केळी, अळू आणि कर्दळ तरारून उभी असत. अळूची भाजी आणि केळीचे पान ही त्या पाण्याचीच देणगी.

याचा अर्थ असा की त्या घरात प्रत्येक पाण्याला नाव होते आणि प्रत्येक नावाला धनी होता. सर्वांचा वाटा देऊन झाल्यावर जे उरे तेच सांडपाणी. ते थोडे असे. जुन्या काळी सर्वच चांगले होते असे सांगण्याचा माझा हेतू नाही. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर घागरी आणणाऱ्या बायकांनाच ती काटकसर करावी लागे, आणि त्या काटकसरीत त्यांची कंबर मोडत असे. नळ दारात आला ही मोठीच सोय झाली. प्रश्न एवढाच की पाणी दारात येण्याची व्यवस्था झाली, तेव्हा ते दारातून जाण्याच्या व्यवस्थेचा विचार आपण केला काय?

थोडे गणित करू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील प्रत्येक माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण ठरविण्यात आले. पाच माणसांच्या कुटुंबास दररोज २७५ लिटर. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी वापरानंतर घराबाहेर पडते, असे योजना आखणारे अभियंते धरून चालतात. म्हणजे एका घरातून दिवसाला २२० लिटर, आणि शंभर घरांच्या वाडीतून २२,००० लिटर. हे पाणी कोठे तरी जाणारच. रस्त्यावर डबके करून साचले तर त्यात डासांची वीण होते. ओढ्यात शिरले तर साबणातील व धुण्याच्या पुडीतील क्षारांवर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते, आणि मासे तडफडतात.

यावरील उपाय अवघड नाही. सुमारे मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तळाशी मोठे दगड आणि वर लहान दगड भरावे. पाणी त्यात शिरण्यापूर्वी खरकटे व चिकटा अडविण्यासाठी एक लहान टाकी ठेवावी. हाच शोषखड्डा. पाणी जमिनीत हळूहळू झिरपते आणि मातीतील सूक्ष्म जीव त्यातील घाण खाऊन टाकतात. आपल्या भागात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. येथे पाऊस इतका कोसळतो की श्रावणात जमीन स्वतःच काठोकाठ भरलेली असते. म्हणून खड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगास घ्यावा, आणि उघडिपीच्या महिन्यांत तेच पाणी परसबागेकडे वळवावे. शौचालयाचे मैलापाणी यात कदापि सोडू नये. त्याची व्यवस्था स्वतंत्र असली पाहिजे. अलीकडे इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून या मैलापाण्यास कोणी 'काळे पाणी' म्हणू लागले आहेत. परंतु मराठी माणसाला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते! जुना 'मैलापाणी' हा शब्द असताना नवा शब्द घडविण्याची गरज नाही.

दोन समुद्रांचे गाव

आता त्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. कणकुंबी हे सह्याद्रीच्या माथ्यावरील गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर, माऊलीच्या देवळापाशी, मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पूर्वेकडे निघते, खानापुरावरून वाहते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथील धरणात विसावते आणि सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. तेथून तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. याच गावच्या परिसरातून निघणारा कळसा नाला पश्चिमेकडे उतरतो, म्हादईला मिळतो, आणि गोव्यात मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्राला भेटतो. म्हणजे आपल्या गावावर पडणाऱ्या पावसाचे दोन थेंब एकाच ढगातून, एकाच क्षणी निघतात, आणि कोणत्या उतारावर पडले यावरून दोन समुद्रांचे होतात.

कळशाचे पाणी पूर्वेकडे मलप्रभेत वळवावे की नाही, हा वाद तुम्ही घरी व बसगाडीत ऐकलेला आहे. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८, असे एकंदर ३.९० टीएमसी पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात नेण्यास कर्नाटकाला मुभा मिळाली. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३१ कोटी लिटर. या निवाड्यानंतरही वाद शमला नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. कोणास किती पाणी द्यावे हे ठरविण्याचा अधिकार शाळेच्या मासिकाला नाही. हुबळी-धारवाडकडील माणसाची तहान खरी आहे. त्यांना पिण्याचे पाणी नविलुतीर्थाच्या जलाशयातून मिळते, आणि अवर्षणाच्या साली तो जलाशय रिकामा राहतो. गोव्यातील माणसाची काळजीही खरी आहे.

परंतु शब्द वापरण्याचा अधिकार मात्र आपला आहे, आणि तो जबाबदारीने वापरला पाहिजे. समुद्राकडे जाणारे नदीचे पाणी 'सांडपाण्यासारखे वाया जाते' काय? त्याच पाण्यावर घाटातील अरण्य उभे आहे. तेच पाणी खाडीतील खाऱ्या पाण्यास मागे रेटून धरते. ते कमी झाले तर समुद्राचे मीठ नदीतून आत चढते. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या संगमावर माशांच्या कित्येक जाती वाढतात, आणि बांध घालून समुद्रापासून राखलेली गोव्याची खाजन शेते त्याच मेळावर पिकतात. हे पाणी कोणी सांडलेले नाही. ते आपल्या वाटेने आपल्या कामाला निघाले आहे. त्यातील काही वाटा आपल्याला हवा असेल तर तो मागावा, त्यासाठी भांडावे, न्याय मागावा. पण 'वाया जाते' हे कारण देऊ नये. हीच गोष्ट मलप्रभेच्या पाण्यासही लागू आहे. तेही बंगालच्या उपसागरालाच जाते. त्याला सांडपाणी म्हटलेले आपल्यापैकी कोणास रुचेल?

सांडले कोणी?

शेवटी थोडे व्याकरण. 'सांडणे' हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. 'तिने दूध सांडले' असे म्हणता येते, आणि नुसते 'दूध सांडले' असेही म्हणता येते. दुसऱ्या वाक्यात कर्ता नाहीसा होतो. घरात दूध सांडले म्हणजे आपण सगळे दुसरेच वाक्य वापरतो, हे तुम्ही स्वतःस विचारून पाहा. 'सांडपाणी' या शब्दातही तसाच एक कर्ता लपलेला आहे. ज्याने सांडले तो शब्दात दिसत नाही, पण त्याच्यावाचून तो शब्द तयारच होऊ शकत नाही.

हे सर्व मी त्या विद्यार्थिनीस जमेल तसे समजावून दिले. ती काही वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, म्हणजे माझे पहिले वाक्यही अपुरेच आहे. ओढ्याला सांडपाणी आपण होऊन मिळत नाही. आम्ही सोडतो." आणि तिने आपल्या हाताने ते वाक्य दुरुस्त केले : "आमच्या मोरीचे सांडपाणी आम्ही ओढ्यात सोडतो." मी ज्या वाक्यास हातही लावला नव्हता त्यातील खरी चूक तिला सापडली. त्या ओढ्याच्या खाली खानापूर आहे, आणि त्याच्याही खाली कोणाच्या तरी घागरी आहेत. उगमाशी राहणाऱ्या माणसांच्या वर कोणी नसते; म्हणून त्यांचे पाणी निर्मळ असते. त्यांच्या खाली मात्र सारा देश असतो.

अभ्यास

१. पुढील शब्दांतील 'स' मूळच्या 'छ'पासून आला आहे काय, ते कोशात पाहून लिहा : सुरी, साल, सांडशी, सावली, सांड.
२. आपल्या आजीस किंवा आईस विचारून, घरातील निरनिराळ्या पाण्यांना असलेली नावे व त्यांचा उपयोग यांची यादी करा.
३. आपल्या घरातून दररोज किती लिटर सांडपाणी बाहेर पडते, ते बादल्या मोजून काढा. ते कोठपर्यंत जाते, ते त्याच्या मागोमाग चालत जाऊन पाहा आणि दहा ओळी लिहा. त्या ओळींतील प्रत्येक क्रियापदास कर्ता असावा.